डॉक्टरांची वाडी

मोबाईलवरच्या कुठल्याही खेळात डॉक्टर पहिल्याच पायरीवर मरायचे. मरायचे आणि खूश व्हायचे. "मेलो! परत!" असं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडायचे.

हा हॉल म्हणजे विरारच्या बोळिंजला एका फरसाणच्या दुकानावर असलेलं आमचं व्यसनमुक्तीचं छोटं केंद्र. येणारी मुलं-मुली विशीच्या आसपासची. कुणी दारू, कुणी गांजा, कुणी गोळ्या, कुणी हाताला लागेल ते. त्यातल्या काहींच्या मनात जीव द्यायचा विचार येऊन गेलेला, एकदोघांनी प्रयत्नही केलेला. अशांच्या मधोमध बसून "मेलो!" म्हणून मांडीवर थाप मारणारे मानसोपचारतज्ज्ञ मला चालणार नव्हते. केंद्राची व्यवस्था माझ्याकडे होती. चहापत्तीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्याच्या याद्या मी भिंतीवर लावलेल्या असत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगून टाकलं, "डॉक्टर, तो शब्द इथे नको."

"कुठला?"

"तो."

"बाई," ते म्हणाले, "ज्या शब्दाला आपण घाबरतो, तो शब्द ही मुलं एकटीच कवटाळून बसतात. आपण तो बाकावर ठेवू. सगळ्यांना दिसू दे."

आणि खरंच ते तसंच करायचे. नवीन मुलगा समोर बसला की झोप लागते का, भूक लागते का, पोट साफ होतं का, आणि त्याच सुरात, मान वर न करता, "जीव द्यावासा वाटतो का?" मुलगा दचकायचा. मग त्याचे खांदे खाली यायचे आणि तो बोलायला लागायचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बाहेर येतो, हे मी डॉक्टरांकडून शिकले. नंतर केंद्रात प्रत्येकाला शिकवलं.

डॉक्टर जवळच्याच वटार गावचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. घरामागे वडिलांपासूनची वाडी: केळी, पानवेल, कुंपणाला सोनचाफा. त्यांच्या स्कूटरचा हॉर्न मी कधी वाजलेला ऐकला नाही. "ओ, बाजू!" असं ते स्वतःच ओरडायचे आणि पायांत केळीचा घड धरून रस्ताभर ओरडत यायचे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की इस्त्रीच्या शर्टात थेट केंद्रात. शर्टावर दुपारपर्यंत केळीचा डाग.

त्यांची दोन तत्त्वं होती. एक, "कसा आहेस?" हा प्रश्न केंद्रात बंद. "त्याला माणूस 'बरा आहे' म्हणतो. ते उत्तर नाही, ती सवय आहे. काय जेवलास, विचारा. त्यात खोटं बोलायला डोकं चालवावं लागतं, आणि ज्याचं मन खरंच बुडालंय त्याला तेवढंही डोकं चालवायचा कंटाळा असतो." दुसरं तत्त्व पहिल्यातूनच निघालेलं: बिस्किट हे जेवण नाही. कुणी "बिस्किटं खाल्ली" म्हटलं, की डॉक्टर हातातलं सगळं सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसायचे.

भिंतीवरच्या चित्रांशी त्यांचं वैर होतं. मी हौसेने सूर्योदयाचं मोठं चित्र आणून लावलं होतं, खाली 'प्रत्येक रात्रीनंतर पहाट होते' असं. दुसऱ्या दिवशी ते काढलेलं.

"का काढलंत?"

"सूर्य उगवतो हे या मुलांना माहीत आहे, बाई. तो उगवेपर्यंत ती टक्क जागी असतात."

त्या जागी मी वडापावची गाडी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते त्याची माहिती लावली. डॉक्टरांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच माझं कौतुक केलं.

खेळाची कल्पना त्यांचीच. मुलं पत्रकं वाचत नाहीत, व्याख्यानात झोपतात, पण फोन हातातून सोडत नाहीत. तर आपणच फोनच्या आत जाऊन बसू, असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रॅम लिहायला अपर्णा मिळाली. विरारचीच, दिवसा कंपनीत नोकरी करून संध्याकाळी आमच्याकडे येणारी, कमी बोलणारी पोरगी. दोघांनी मिळून पहिला खेळ केला. त्यात बाटलीच्या आकाराचा राक्षस होता, शिंगं आणि लाल डोळे असलेला, आणि खेळणाऱ्याने त्याच्यावर बाण मारायचे.

पहिल्यांदा खेळायला बसला तो रोशन. रोशनची ओळख करून द्यायला हवी. आयटीआय अर्धवट सोडलेला, बोटं सतत काहीतरी चाळणारी, बोलणं तिखट. गोळ्यांपायी नोकरी गेलेली आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला तो जीव द्यायला निघून हॉस्पिटलातून परत आलेला. आई धुणीभांडी करायची; तीच त्याला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली होती. केंद्रात आम्हा सगळ्यांचा एक डोळा कायम त्याच्याकडे.

रोशनने दहा-बारा बाण मारले आणि मान वर केली. "सर, राक्षस एक नंबर आहे. मला तोच व्हायचंय. कुठलं बटन?"

अख्खा हॉल हसत सुटला. डॉक्टर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बरोबर बोलतोय तो! आपण हिरोचं नुसतं शेंबडं पोर केलंय." आणि त्याच क्षणी त्यांनी तो खेळ मोडीत काढला. अपर्णाची अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात गेली होती. ती पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डॉक्टर रोज तिच्या टेबलावर केळ्यांची एक फणी ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. शेवटी केळ्यांना जागा उरेना, तेव्हा ती बोलली.

दुसरा खेळ त्यांनी आधी गच्चीवर काढला. खडूने. पाट, वाफे, केळीचे खुंट, पानवेलीचे मांडव; सगळी गच्ची भरली. मुलं एका पायाने उड्या मारत त्यावर खेळायची आणि डॉक्टर कडेला खुर्ची टाकून "ओला वाफा तुडवू नको रे!" म्हणून ओरडायचे. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार करायला वर आले.

"हे काय चाललंय?"

"शेती," डॉक्टर म्हणाले.

पंधरा मिनिटांनी सेक्रेटरींचाच नातू वाफ्यात उड्या मारत होता.

खेळाचं नाव 'वाडी'. आमच्याकडे वाडी म्हणजे फळबाग. खेळणाऱ्याला एक तुकडा मिळायचा. रोज यायचं, पाट उघडायचा, झाडांना पाणी द्यायचं. पाणी सुटायच्या आधी खेळ दोन-तीन गोष्टी विचारायचा: काय जेवलास, कुणाशी बोललास, आज नशेची ओढ किती. कोपऱ्यात एक बटन होतं, 'हाक' नावाचं. मन घसरायला लागलं की ते दाबायचं. मग तुम्हीच तुमच्या चांगल्या दिवशी भरून ठेवलेलं समोर यायचं: कुणाला फोन करायचा, कुठे जाऊन बसलं की बरं वाटतं, जवळ असू नये अशी वस्तू कुणाच्या हवाली करायची. "छत्री उन्हात दुरुस्त करायची असते," डॉक्टर म्हणायचे. हा भाग त्यांनी प्रत्येक मुलाबरोबर स्वतः बसून भरला.

आणि पाणी दिलं नाही, तर झाडं सुकायची. एक दिवस चुकला तर पानं पिवळी. तीन दिवस चुकले तर वाडी तपकिरी.

"सर, झाडं मारू नका ना," अपर्णा म्हणाली होती.

"वाडीत मी खोटं दाखवणार नाही. पाणी नाही तर केळ नाही. माझ्या बापानेही मला हेच शिकवलं." बागायतदाराचा मुलगा तो. बाकी कशातही तडजोड करील, झाडाच्या बाबतीत नाही.

मुलांना वाडी आवडली. कुणाची पानवेल कुठवर चढली यावरून भांडणं व्हायला लागली. रोशन तर शेजारच्या खुर्चीवरच्याला ऐकवायचा, "तुझी केळी बघ, कुपोषित! माझी बघ, जिमला जातात." तो हसताना दिसला की त्याची आई दारातूनच परत जायची, आत येऊन ते मोडावं असं तिला वाटत नसे.

मग पावसाळा संपता संपता डॉक्टर चिंचोटीच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडले. धबधबा बघायला निघालेल्या मुलांची गाडी समोरून आली, यांचं "ओ, बाजू!" गाणं लावलेल्या गाडीत कुणाला ऐकू जाणार? पायाला प्लास्टर, घरी मुक्काम. फोनवरून ते आम्हाला रोज छळायचे.

त्याच दिवसांत रोशनच्या मित्राची हळद होती. हळदीच्या रात्री दारू वाहते; काय झालं ते सांगायला नको. तो दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आला, कोपऱ्यात बसला, फोन उघडला. मी त्याच्या मागून जात होते म्हणून मला पडदा दिसला. एकही पान हिरवं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, नेहमीचा तिखटपणा कुठेच नाही, "माझ्या हातात दिलं की सगळं मरतंच."

मी चहा घेऊन येते म्हणाले. वळून येईपर्यंत खुर्ची रिकामी. फोन बंद.

अपर्णा नुकतीच येत होती. तिला तशीच रिक्षात घेतलं आणि रोशनचं घर गाठलं. तो घरातच होता, भिंतीकडे तोंड करून आडवा. आई दारात उभी, हातात ओलं फडकं. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. वाक्य पाठ होतं.

"रोशन, जीव द्यावासा वाटतोय का?"

भिंतीकडूनच उत्तर आलं, "हो."

पुढची कामं ठरलेली होती, आणि तेव्हा मला माझ्या सवयीचा फार आधार वाटला. एक, त्याला एकटं सोडायचं नाही. अपर्णा त्याच्या बाजूला बसली. दोन, घरातल्या गोळ्या. त्याच्या आईने त्या डब्यासकट उचलून शेजारच्या काकूंकडे दिल्या. तीन, डॉक्टर.

"इकडे आणा," ते फोनवर म्हणाले. "मी हॉस्पिटलात खाटेचं बघतो, पण आधी इकडे आणा. आई पण हवी."

वटारला पोचलो तेव्हा डॉक्टर मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर, आणि तारस्वरात भांडत होते. समोर वाडीत शेजारच्या फिलूमावशी, सत्तरीच्या पुढच्या, पदर खोचून, हातात फावडं. दोघांचं भांडण त्यांच्या घरच्या बोलीत चाललेलं, आमच्या पल्ल्याबाहेरचं. पण कुणीतरी कुणालातरी गाढव म्हणतंय एवढं कळत होतं.

डॉक्टरांनी रोशनला जवळ बसवलं. काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही. मी, अपर्णा आणि आई पायरीवर बसलो. पुष्कळ वेळाने डॉक्टरांनी हॉस्पिटलला फोन लावला. गाडी यायची होती. रोशन उठून व्हरांड्याच्या कडेला उभा राहिला आणि वाडीकडे बघायला लागला. फिलूमावशीने फावड्याच्या एका घावात मातीचा बांध फोडला, आणि तिच्या पाटातलं पाणी वळून डॉक्टरांच्या केळींकडे धावलं.

"मावशी, ही वाडी तर सरांची ना?"

"मग?" आमच्याशी बोलायला फिलूमावशीने शाळेतली मराठी काढली. "घरात दुखणं आलं की शेजाऱ्याने पाट वळवायचा. तो पडला म्हणून त्याच्या केळींनी काय पाप केलं?"

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"तो सांगणार? तो नुसता बोंबलतो. सांगायचं नसतं रे. नि आभार पण मानायचे नसतात. उद्या मी पडले की तो वळवील."

"जास्त होतंय!" डॉक्टर ओरडले. "मुळं कुजवशील माझी!"

"तू गप बस, लंगड्या!"

रोशन काही वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग डॉक्टरांकडे वळला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज नेहमीसारखा लागला.

"सर, खऱ्या वाडीत माणूस पडला तर शेजारी पाणी देतात. मग गेममध्ये का नाही देत?"

डॉक्टरांनी केळींकडे बघितलं, पायाकडे बघितलं.

"कारण गेम बनवणारा गाढव आहे," ते म्हणाले.

"मी कधीपासून तेच सांगतेय," फिलूमावशी म्हणाली.

गाडी आली, रोशन आईबरोबर गेला. काही दिवस हॉस्पिटलात राहिला, औषधं सुरू झाली, मग महिनोन् महिने समुपदेशन. मध्ये आणखी एकदा घसरला, पण तेव्हा 'हाक' दाबून घसरला. खेळाने त्याला वाचवलं असं मी कुणालाही सांगत नाही. औषधं, आई, डॉक्टर, तो स्वतः, आणि या सगळ्यांत खेळ. पण खेळ बदलला हे खरं. डॉक्टरांनी प्लास्टरमध्ये असतानाच अपर्णाला घरी बोलावून तो उलटा करवला. आता कुणी आलं नाही तर त्याची वाडी सुकत नाही. बाकीचे खेळणारे येतात आणि आपला पाट तिकडे वळवतात. आणि तीन दिवस कुणी दिसलं नाही, तर केंद्रातून एक माणूस खरा फोन करतो.

एका गोष्टीवरून रोशन आणि डॉक्टरांची मात्र जुंपली. पाणी कुणी दिलं ते दाखवायचं की नाही? डॉक्टर म्हणाले, रीत नाही. रोशन म्हणाला, "रीत गेली खड्ड्यात, मला कळलं पाहिजे ना, कोणीतरी आलं होतं ते." शेवटी अपर्णाने तोडगा काढला. नाव नाही, नुसती चिखलातली ओली पावलं. तुम्ही परतता, वाडी हिरवी असते, आणि कडेने पावलं गेलेली असतात. ती पावलं बघून एक मुलगी हॉलमध्ये हमसाहमशी रडली होती, आणि मग तिने विचारलं होतं, "यातला एवढा मोठा पाय कुणाचा?"

डॉक्टरांचा. त्यांनी स्वतःचीही वाडी घेतली होती आणि पावलं आपल्या पायाच्या मापानेच काढून घेतली होती.

पुढे गुडघे बोलायला लागले, स्कूटर सुटली, डॉक्टरांनी केंद्रात येणं थांबवलं. वाडी मात्र ते घरून खेळत राहिले. त्यात मरायची सोय नसल्याने ते थोडे नाराज असायचे. फोन करायचं काम आता रोशनकडे होतं. तो एका गॅरेजमध्ये नोकरीला लागला होता आणि सुट्टीच्या दिवशी केंद्रात बसायचा.

अशाच एका सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. "ताई, सरांनी तीन दिवस पाट उघडला नाही."

"फोन खराब झाला असेल."

"नियम तर नियम." त्याने नंबर लावला, फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"हं," डॉक्टर.

"सर, काय जेवलात?"

"बिस्किटं."

रोशनने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल शोधायला लागले होते.

वटारला दार उघडंच होतं. डॉक्टर व्हरांड्यात, त्याच आरामखुर्चीत. शेजारच्या घराला कुलूप. फिलूमावशीला तिची लेक पुण्याला घेऊन गेली होती, कायमची. डॉक्टरांना भांडायला कुणी उरलं नव्हतं. समोर वाडीची पानं पिवळी पडलेली.

"कुणी बोलावलं तुम्हाला?" ते म्हणाले.

मी येताना घेतलेला भाजी-पोळीचा डबा उघडला. रोशन त्यांच्या समोर उकिडवा बसला. "सर, सरळ विचारतो. जीव द्यावासा वाटतो का?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. किती मुलांना त्यांनी हे विचारलं असेल. त्यांना विचारणारा हा पहिला असावा.

"नाही रे," ते सावकाश म्हणाले. "नुसतं उठावंसं वाटत नव्हतं. पण विचारलंस ते बरं केलंस." आणि पोळीचा तुकडा मोडला.

रोशन उठला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि वाडीत उतरला. पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मग फावड्याचा. पहिला घाव चुकला, दुसराही. गॅरेजवाल्या पोराला बांध कुठे फोडायचा ते काय ठाऊक? पाणी पाटातून निघालं, वाट चुकलं, पानवेलीत घुसलं.

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. दोन्ही हात खुर्चीवर टेकून ते उभे राहिले, माझ्या खांद्याला धरून व्हरांड्याच्या कडेपर्यंत आले, आणि अख्ख्या वटारला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अरे गाढवा, जास्त होतंय! मुळं कुजवशील माझी!"